ताईंच्या गाडीतले पाव्हणे

आमच्या थोरल्या नणंदबाईंनी आजवर एकाही अनोळखी माणसाला अनोळखी राहू दिलेलं नाही. बाहेरगावचा माणूस अमरावतीच्या बसस्टँडवर उतरला, चहा घेऊन इकडेतिकडे बघू लागला आणि त्याच्या नशिबाने ताई तिथे असल्या, तर कप रिकामा होईपर्यंत त्याचं गाव, त्याच्या आईचं माहेर, मोठ्या भावाची नोकरी आणि धाकट्या बहिणीचं अडलेलं लग्न एवढं सगळं ताईंच्या पदरात पडलेलं असतं. शेवटी तो कुठल्या तरी चुलत-मावस फांदीवरून आमचाच नातेवाईक निघतो. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा माप ओलांडून आत पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी मला विचारलं होतं, "तुह्या मायले भाऊ किती?" मला तो प्रश्न फार आगाऊ वाटला. वऱ्हाडात यालाच आपुलकी म्हणतात आणि ती चुकवता येत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर टॅक्सी चालवायला घेतली, आणि तीही मोबाइलवरून बोलवायची. त्याचं कारण अंगणात उभं होतं. ताईंच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, उभं आयुष्य लाल बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक पांढरी मोटार घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत काचबिंदूने त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला उजेड नेला. गाडी कापडाखाली झाकून ठेवली गेली. ताई रोज ते कापड झटकत, पुन्हा घालत. एका सकाळी कापड हातात धरून त्या म्हणाल्या, "उभं राहून राहून गाडी सडते. माणूसबी सडते." त्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स तिथे मिळालं, पण खरं शिक्षण भाऊजींनी दिलं. ते शेजारच्या सीटवर मान जरा कलती करून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "क्लचवरचा पाय उचल. गाडी रडून राहिली." ताई म्हणत, "गाडी नाही रडत, मी रडून राहिली." छत्री तलावाच्या रस्त्यावर ही जोडी रोज पहाटे दिसायची. फिरायला येणारी माणसं आधी लांबून जात, मग हळूहळू हात करू लागली.

पुढे गाडीला पिवळी पाटी लागली, ताईंचा फोटो त्या ॲपमध्ये गेला, आणि कंपनीच्या लोकांना ठाऊक नसलेला एक नवाच धंदा अमरावतीत सुरू झाला. कंपनी ज्याला ग्राहक म्हणते त्याला ताई पाव्हणा म्हणत. गाडीत बसताना प्रवाशाने चार आकडे सांगायचे असतात, तेव्हाच गाडी निघते. ताईंना याची फार लाज वाटे. "दारात आलेल्या माणसाले कोणी आकडे विचारते का?" असं म्हणत त्या आधी पाण्याची बाटली पुढे करत आणि मग खालच्या आवाजात, जणू काही उसनं मागावं तसे, ते आकडे विचारत. रस्ता सांगणाऱ्या मोबाइलमधल्या बाईशी सुरुवातीला त्यांचं मुळीच पटलं नाही. ती डावीकडे म्हणाली की ताई म्हणत, "तिकडं नाली खोदून ठेवली आहे, तुले काय माहीत." मी त्यांना आवाज बंद कसा करायचा ते दाखवलं, तर त्यांना ते बरं वाटेना. "बोलू दे तिले. तिचीबी नोकरीच आहे." तेव्हापासून ती बाई हळू आवाजात बोलत राहते आणि ताई आपल्या रस्त्याने जात राहतात. हॉर्नचंही तसंच. हॉर्न म्हशीसाठी असतो, माणसाला तोंडाने सांगावं, हा त्यांचा नियम. राजकमल चौकात ऐन गर्दीच्या वेळी काच खाली करून "ओ भाऊ, जरासं सरकता का" असं सगळ्यांना विनवत जाणारी टॅक्सी दिसली, तर ती आमच्या घरची समजावी.

आणि प्रश्न तर अखंड चालू. गाव कोणतं, कोणाची तू, सासर कुठलं. बहुतेकांना हे गोड वाटे. एका मुलीचा मुलाखतीला जाताना धीर सुटला होता, तिला ताईंनी गाडी थांबवून गिला वडा खायला घातला आणि मगच आत पाठवलं. अंजनगाव सुर्जीचा एक व्यापारी तर विड्याच्या पानांची टोपली घेऊन घरी भेटायला आला. पण सगळ्यांनाच आपली वंशावळ सांगायची नसते. एका तरुणाला त्यांनी विचारलं, लग्न झालं का. तो म्हणाला, झालं होतं. ताईंनी विचारलं, "होतं म्हणजे?" गाडीतून उतरल्यावर त्याने त्यांना एकच तारा दिला. असे आणखी दोन-तीन झाले आणि कंपनीची ताकीद आली. ताईंनी ती मला वाचायला लावली. मग म्हणाल्या, "मले वाटलं, विचारणारं कोणी नसन त्याले."

मी त्यांना सांगितलं, की काही दिवस कुणाला काही विचारू नका. त्यांनी ते मनावर घेतलं. मौनात ताई इतक्या भयंकर दिसत, की एका म्हाताऱ्या वकिलाने उतरताना विचारलं, "माझं काही चुकलं का बाई?" संध्याकाळी त्या डोकं बांधून घरी येत. भाऊजींचेही हाल झाले. दिवसभरात गाडीत कोण कोण बसलं, कुणी काय सांगितलं, हे रोज रात्री जेवताना ताई त्यांना ऐकवत. त्यांना आता दिसणारं गाव तेवढंच होतं. मौनाच्या दिवसांत ते वरणात पोळी कुस्करत विचारायचे, "आज कोण होतं?" आणि ताई सांगायच्या, "एक निळा शर्ट होता."

या मौनाच्या काळातच त्या आजी गाडीत बसल्या.

एप्रिलचे दिवस होते. साईनगरमधून अकोल्याची सवारी आली. पन्नाशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ दारात उभा होता, शेजारी त्याची आई. त्याने आईला मागच्या सीटवर बसवलं, पायाशी पिशवी ठेवली, आकडे सांगितले आणि म्हणाला, "अकोल्याला धाकट्याच्या घरी सोडायचं. त्याला मी कळवलंय." त्याला स्वतःला विमान गाठायला नागपूरला जायचं होतं, दुसरी गाडी त्याच्यासाठी उभीच होती. ताईंनी नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, मागून एक शब्द नाही. मूर्तिजापूरच्या पुढे आजी आपण होऊन बोलल्या. "गेल्या वेळी पोट्टा होता गाडी चालवाले. तू बाई आहेस, बरं वाटलं." ताईंनी आरशात बघितलं आणि नुसतं "हो मावशी" म्हटलं. नंतर त्या मला म्हणाल्या, की ते 'गेल्या वेळी' त्यांच्या कानात अडकून बसलं होतं.

अकोल्यात जठारपेठेतल्या त्या घराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, की घरचे सगळे लग्नाला बुलढाण्याकडे गेलेत, उद्या-परवा येतील. धाकट्या मुलाचा फोन लागत नव्हता. थोरल्याचाही लागेना, तो नागपूरच्या वाटेवर असावा. डोक्यावर ऊन रणरणत होतं. शेजारीण काही वाईट नव्हती, पण तीही बाहेर निघाली होती. ती म्हणाली, "पायरीवर सावली येतेच थोड्या वेळात, बसवून ठेवा तिथं." आजीही म्हणाल्या, "जा तू बाई, मी बसतो. बसतो मी नेहमी." वऱ्हाडात जुन्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात. ताईंच्या मोबाइलवर 'प्रवास पूर्ण करा' अशी हिरवी पट्टी आली होती. त्यावर बोट फिरवलं, की ताईंचं काम संपलं. त्यांनी मोबाइल उलटा ठेवला, शेजारणीला आपलं नाव आणि नंबर सांगितला, म्हणाल्या, "त्याहिले सांगजा, माय माह्या घरी आहे." आणि गाडी वळवली.

शेजारीण घाईत ते विसरली. प्रवास पूर्ण झाला नसल्यामुळे ॲप मात्र गाडीचा माग दाखवत राहिलं, आणि त्याची लिंक थोरल्याने निरोपासोबत धाकट्यालाही पाठवून ठेवली होती. दुपार कलल्यावर धाकट्याच्या मोबाइलला रेंज आली, तेव्हा त्याला पहिलं दिसलं ते हे, की आपल्या आईला घेऊन एक टॅक्सी अकोल्याहून उलटी बडनेऱ्याकडे पळते आहे. त्याने कंपनीला कळवलं, पोलिसांना कळवलं, आणि लग्न सोडून तो थेट अमरावतीला निघाला. ताईंचा मोबाइल तोवर बंद पडून आतल्या खोलीत चार्जिंगला लागला होता आणि ताई स्वयंपाकघरात बेसनाच्या पातोड्या करत होत्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर वरांड्यात आजी आणि भाऊजी शेजारी शेजारी बसलेले. भाऊजींना दिवसभराची बातमी या वेळी सगळीच्या सगळी घरपोच आली होती. कोणे एके काळी ते अंजनगावकडे बस न्यायचे, आणि आजींचं माहेर त्याच रस्त्यावरचं. दोघं मिळून त्या रस्त्यावरची झाडं आठवत होती. "तिथं दोन आंबे होते," आजी म्हणाल्या. "एकच," भाऊजी म्हणाले. "दोन होते. एक तुमच्या बसच्या आडोशाला राहे, म्हणून तुमाले नाही दिसला." भाऊजी इतके मोकळे हसले, की ताई हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. धाकटा मुलगा उतरला, बरोबर ठाण्यातला एक हवालदार. मुलगा लग्नाच्या कपड्यांत होता, चेहरा उतरलेला. आई समोर दिसली तशी त्याने फाटकाचा गज हाताने घट्ट धरला. हवालदाराने ताईंकडे बघून विचारलं, "तुमी काहून आणलं यांना?"

"कुलूप होतं," ताई म्हणाल्या.

"मग पोलिसांना सांगायचं."

"माणसाले पोलिसात काहून देऊ? सामान थोडंच आहे."

थोरल्याने पाठवलेला निरोप धाकट्याने वेळेत वाचलाच नव्हता आणि थोरल्याने उत्तराची वाट पाहिली नव्हती, एवढंच झालं होतं. दोघंही वाईट नव्हते. वाईट असते तर ताईंना चार शब्द सुनावता आले असते आणि त्यांना हलकं वाटलं असतं. मुलगा पुढे आला, आईसमोर वाकला आणि म्हणाला, "माय, चाल, घरी जाऊ."

आजींनी पिशवी जवळ ओढली. उठता उठता त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "कोणाच्या?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. हवालदार फाटकाकडे वळून उगाच रस्ता बघू लागला. मुलगा तसाच वाकलेला राहिला. मग तो तिथेच खाली फरशीवर बसला, आईच्या पायाशी. ताईंनी आत जाऊन एक ताट जास्त वाढलं, मग हवालदारासाठी आणखी एक. पातोड्यांचा रस्सा सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ला. त्या घरात इतकं शांत जेवण मी कधी बघितलं नव्हतं.

ताईंचं खातं कंपनीने त्याच दिवशी बंद केलं होतं. गाडीवर पुन्हा कापड आलं. मी म्हणाले, आपण वर अर्ज करू, भांडू. त्या म्हणाल्या, "त्याहिचं काय चुकलं? त्याहिले नकाशात मी माय पळवून नेऊन राहिली असंच दिसलं असन." पुढे त्या मुलानेच कंपनीला सगळं कळवलं, आणि काही आठवड्यांनी ताईंच्या मोबाइलवर पुन्हा सवाऱ्या येऊ लागल्या.

आता ताई गाव विचारत नाहीत, सोयरीक काढत नाहीत. नाती निघाली म्हणजे माणूस सुखरूप पोचला, असं त्यांना पूर्वी वाटे. आता निघताना एकच गोष्ट विचारतात, "तिथं आहे ना कोणी घरी?" आणि पोचवल्यावर दार उघडेपर्यंत गाडी हलवत नाहीत. तोवर पुढची सवारी दुसऱ्या कुणाकडे जाते. तरुण पोरं याला हसतात, पण तक्रार अजून कुणी केलेली नाही. मीच कधी कधी म्हणते, ताई, थोडं बोलत जा, पूर्वीसारखं. त्या म्हणतात, "बोलतो नं." पण बोलत नाहीत.

आजी आता अकोल्यालाच असतात, धाकट्याकडे, कायमच्या. परवा अकोल्याला माझं काम होतं म्हणून मी ताईंबरोबर गेले होते. काम झाल्यावर त्यांनी गाडी जठारपेठेत नेली. सून दारात होती, ताईंचं असं येणं तिला नवीन नसावं. तिने आत हाक मारली, आणि नीट नेसलेल्या आजी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांना आता फारसं आठवत नाही, सून हळूच म्हणाली. मी मागच्या सीटवर गेले, ताईंनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, आणि आम्ही मोर्णा नदीच्या पुलापर्यंत सावकाश निघालो. आजी काचेतून दुकानं बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मी कुठं जाऊन राहिलो?"

"कुठंच नाही मावशी," ताई म्हणाल्या. "हवा घेऊन राहिलो आपण."

आजींनी मान हलवली आणि काच आणखी थोडी खाली केली.