अजीजचाचांची किल्ली

एप्रिल महिन्यात, नाल्यात औषधालाही पाणी नसताना, आमच्या ढाणकीच्या शाळेची गाडी रपट्याअलीकडे थांबायची. अजीजचाचा उतरायचे, त्या बुटक्या, बिनकठड्याच्या पुलावर चालत जायचे, टाच आपटून पाहायचे, कडेला वाकायचे आणि मगच परत येऊन गाडी पलीकडे न्यायचे. पोरं खिदळायची. एकदा वह्यांचे गठ्ठे घेऊन त्या गाडीतून शाळेत जाताना मीही विचारलं, "चाचा, ठणठणीत कोरडा नाला. कायले उतरता?"

"कोरडा हाये, हे उतरून पाह्यल्यावर समजते," ते म्हणाले. "बसल्या जागी समजते तो अंदाज. अंदाजावर मी पोरं नेत नाही."

उमेदीची सारी वर्षं त्यांनी फौजेचे ट्रक बर्फाच्या डोंगरांतून चालवण्यात घालवली होती. हवालदार होऊन गावी परतले आणि शाळेची गाडी हाती घेतली. मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीची खाकी पँट, आणि गाडीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात, सदऱ्याच्या आत. "पोरं अमानत हायेत, माईकवाले," ते मला सांगायचे. "किल्ली खुंटीले नाही टांगत."

माईकवाले म्हणजे मी. वह्या-पेनांचं दुकान हे माझं पोट, पण माझा जीव सूत्रसंचालनात. गावात कुणाचाही सत्कार असो, माईक माझ्या हाती, आणि माझं भांडवल इंग्रजी शब्दांचं. 'अनुभवी' म्हटलं की लोक जांभया देतात. 'व्हेटरन' म्हटलं की माना वर होतात. निवृत्त हेडमास्तरांना मी 'डोयेन' केलं, पडलेल्या सरपंचांना 'स्टॉलवर्ट', आणि एका सुगरण आजीबाईंना भर मंडपात 'ओल्ड गार्ड' करून टाकलं. अर्थ कुणी विचारत नाही. टाळ्या पडतात, माझी छाती फुगते.

तर शाळेच्या अध्यक्षांनी एके दिवशी मला बोलावलं. त्यांचा भाचा घरी बसून होता आणि त्याला गाडी चालवता येत होती. एवढं सांगितल्यावर बाकीचं तुम्हाला समजलंच. "चाचाचा दणक्यात सत्कार करू," ते म्हणाले. "तू असं इंग्रजी झाड, की म्हाताऱ्याले तोंड उघडाले जागाच राह्यली नाही पाह्यजे. मंग मी हळूच किल्ली मागतो."

आदल्या संध्याकाळी चाचा दुकानात आले. "उद्या काय बोलून राह्यले माह्याबद्दल?"

मी हौसेनं तालीमच केली. "व्हेटरन!"

"म्हंजे?"

"जुना सैनिक. किंवा आपल्या कामात मुरलेला माणूस."

"मुरते तं लोणचं. अजून?"

"सीझन्ड! ऊन-पाऊस खाऊन पक्का झालेला. उत्तम सागवानालाही हाच शब्द आहे, चाचा."

"वा! फर्निचर केलं मले. अजून?"

"एक्स-सर्व्हिसमन. म्हणजे माजी सैनिक."

यावर मात्र ते हसले नाहीत. सदऱ्यावरून किल्ली चाचपली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बहरात होतो. शब्दांची माळच लावली. शाल पडली, नारळ आला, फोटो निघाला. अध्यक्षांनी गोड हसत हात पुढे केला. "चाचा, आता आराम करा. आणा ती किल्ली."

चाचांनी माझ्या हातातून माईक घेतला. आजवर तो माझ्याकडून कुणी घेतला नव्हता.

"माईकवाल्यानं मले लय शब्द देल्ले, मेहेरबानी. पण सारेच शब्द म्हाताऱ्याले खुर्चीत बसवाचे दिसून राह्यले. फौजेत मले एकच शब्द होता, डायवर. माही नजर तपासा. हात कापते का पाहा. चूक सापडली तं आत्ता किल्ली देतो. शाल-नारळात किल्ली भेटत नाही, साहेब."

अध्यक्षांचा हात हवेत तसाच. चाचा खाली उतरले, नारळ गाडीच्या बंपरवर फोडला, खोबरं पोरांत वाटलं आणि ती शाल ड्रायव्हरच्या सीटवर अंथरून तिच्यावर बसले. पोरांनी असा गिल्ला केला, की माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला तशी दाद मिळालेली नाही. त्या दिवशी मी कुणाच्या बाजूनं होतो म्हणाल तर टाळ्या वाजवायला हात शिवशिवत होते. फक्त मानधनाचं पाकीट अध्यक्षांकडून घ्यायचं होतं.

पुढे दोन वर्षं कुणी किल्लीचं नाव काढलं नाही. मग श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी शाळेच्या कार्यक्रमासाठी मी त्याच गाडीत होतो. रपट्यापाशी गाडी थांबली. चाचा उतरले, कडेपर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. बराच वेळ.

"माईकवाले, खाली या." मी गेलो. त्यांनी हळू विचारलं, "पाणी रपट्याच्या वर हाये का खाली?"

"खालीच आहे चाचा. वरती कोरडं आहे."

"मले वर चमकून राह्यलं."

मी म्हणालो, "ढगाळ आहे, होतं असं. चला, मी सांगतो ना कोरडं आहे." त्यांनी मान हलवली आणि गाडीतल्या पोरांकडे पाहिलं.

"अध्यक्षाच्या भाच्याले फोन लावा."

तो मोटारसायकलवर भरधाव आला. चाचांनी गळ्यातला दोरा काढून स्वतःच्या हातांनी त्याच्या गळ्यात घातला. "तुह्या मामानं मागतली तेव्हा नाही देल्ली. आज मी देऊन राह्यलो. फरक समजते ना? मंग आधी पाय आपट." त्यानं आपटला. चाचा मागच्या सीटवर, पोरांच्या मधोमध जाऊन बसले. पोरं त्या दिवशी खिदळली नाहीत.

गेल्या वर्षी चाचा गेले. शाळेत शोकसभा झाली. मी बोलायला उभा राहताच अध्यक्षांनी कानात सांगितलं, "व्हेटरन म्हण, चांगलं वाटते."

"नाही म्हणत," मी म्हणालो, आणि माईक चालू असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग मी एवढंच म्हटलं, "अजीज खान. ड्रायव्हर." आणि खाली बसलो. टाळ्या नव्हत्या, नकोच होत्या.

परतताना शाळेच्या गाडीत भाचा स्टिअरिंगवर, अध्यक्ष त्याच्या शेजारी, मी मागे. रपट्याशी गाडी थांबली.

"काहून थांबला रे? नाला कोरडा हाये," मामा करवादले.

भाचा दार उघडून उतरत म्हणाला, "बसल्या जागी नका सांगू, मामा."