गोदूबाईची सहाची गाडी

सातपाटीच्या आमच्या आळीत गोदूबाईला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायचीसुद्धा उकिडवी, एक डोळा खाडीकडे ठेवून. होड्या आल्या की पापलेटांची पाटी डोक्यावर घ्यायची आणि पालघरचा बाजार गाठायचा, हेच तिचं आयुष्य. त्यातच खोडा पडला. पाटीला वास येतो म्हणून बसमध्ये कुणी चढू देईना, आणि चालत जावं तर मासळी मऊ पडायची. नवऱ्याला दर्यानं नेलेलं. बाजार चुकला की चूल थंड.

सत्त्याहत्तर साली ती पालघरच्या एसटी कचेरीत धडकली. तिथल्या खंडेराव साहेबांनी तिला शांतपणे समजावलं, "बाई, कोळणींसाठी वेगळी गाडी म्हणजे धोरणच बदलायला हवं. ते पायरीपायरीनं होतं. आधी तक्रार, मग पाहणी, प्रस्ताव, मंजुरी, मग अंमल. शेवटी उपयोग झाला का, याची तपासणी."

"बोंबील बी धुवायचा, टांगायचा, परतायचा," गोदूबाई म्हणाली. "पन तो दोन-चार दिसांत सुकतो, सायेब."

पुढे बाजाराला गेली की ती कचेरीच्या दारात उभी. "आता कुठल्या पायरीवर हाय?" शिपाईही तिला पाहून तोंड लपवायचा.

एकदाचे साहेब पाहणीला आले. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, किनाऱ्यावर झुंबड उडाली होती. "गाडी किती वाजता हवी?" त्यांनी विचारलं. मासळी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "सहाला."

त्या दिवशी ते खरंच होतं. पण भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते आणि होड्या भरतीबरोबरच खाडीत शिरतात. आमच्याकडे वेळ विचारली की माणूस आजची सांगतो. उद्याची उद्या. हे साहेबांना वेगळं सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही.

वर्षानं हुकूम निघाला, रोज सहाला गाडी. पहिल्या दिवशी बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चार दिवसांनी होड्या नऊला आल्या आणि गाडी रिकामीच निघून गेली. गोदूबाई नुसती धक्क्यावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून धक्क्यावर पळत राहिली. काही महिन्यांत तपासणी झाली. प्रवासी नाहीत, गाडी बंद.

ती कचेरीत भांडायला गेली.

"वेळ तुम्हीच सांगितलीत, बाई," साहेब म्हणाले.

सहा म्हटल्यावर डोळे मिटून सहा लिहिणाऱ्या त्या माणसाचा मला अजून राग येतो. गोदूबाईला मात्र स्वतःचाच आला. ती पदर खोचून पुढे झाली. मग म्हणाली, "परत पयल्या पायरीपासून?"

"पहिल्यापासून."

पुन्हा तक्रार, पुन्हा खेटे, पुन्हा पाहणी. पहाटेची भरती, होड्या लागलेल्या. साहेबांनी तोच प्रश्न विचारला.

"आज सांगणार नाय," गोदूबाई म्हणाली. "आठवड्यानं परत या. ह्याच वेळेला."

साहेब कुरकुरत का होईना, आले. खाडीत नुसता चिखल. एकही होडी नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, येरझाऱ्या घातल्या, पुन्हा घड्याळ पाहिलं. "होड्या येणार तरी कधी?"

गोदूबाईनं पाटी पालथी घातली आणि सगळ्या आळीदेखत तिच्यावर बसली. मग बाजूची दुसरी पाटी त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, सायेब. पानी आलं का येतील. मंग लिवा."