ब्रुनाची घंटा

आइताच्या बापाला, याखेनला, स्नोबोर्ड हा शब्द उच्चारायचीसुद्धा लाज वाटायची. तो नुसतं 'फळी' म्हणायचा. "देवानं पाय दोन दिलेत, तर बर्फावर स्कीच्या पट्ट्याही दोनच हव्यात. दोन्ही पाय एका फळीला बांधून घ्यायचे, ही काय शवपेटीची रंगीत तालीम आहे?" असं तो भर चर्चच्या दारात विचारायचा आणि आमचं अख्खं गाव माना डोलवायचं. न डोलवून सांगतो कोणाला! उन्हाळ्यात गावाच्या गायी त्याच्या हवाली, हिवाळ्यात गावातली एकुलती एक लिफ्ट त्याच्या हाती. त्याच्याशी वाकडं घेऊन डोंगरावर चालत जायचं का?

फळी घरात आली ती एका पाहुण्याच्या कृपेनं. हॅम्बर्गहून आलेल्या त्या पोरानं पहिल्याच दिवशी मनगट मोडून घेतलं आणि फळी गोठ्याच्या भिंतीला टेकवून तो घरी निघून गेला. याखेन तिचा उपयोग शेण ओढायला करणार होता. त्याआधीच शाळकरी आइतानं ती पळवली.

पहिला हिवाळा ती सरकली कमी आणि आपटली जास्त. बार्लीचं सूप उभ्यानंच प्यायची, कारण बसायची जागा शाबूत उरली नव्हती. त्यात आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची. चालत्या दोराला दांडा लोंबतो, तो धरून उभ्या उभ्या वर ओढलं जायचं. आइता फळीवर आडवी उभी, त्यामुळे मागे कोण येतंय ते बघायचा मोह व्हायचा. बघितलं की धपकन खाली. मग लिफ्ट थांबायची आणि भोंग्यावरून बापाचा आवाज दरीभर घुमायचा, "आइता! मागे बघू नकोस! मागे बघितलंस की पडतेस, गाढवे!"

पाद्रीबाबांचं प्रवचनसुद्धा थांबायचं. पोरीची अब्रू गेली खरी, पण पडणंही गेलं.

पुढे खालच्या गावातल्या क्लबात कोरिना नावाच्या प्रशिक्षक बाईंनी तिला हेरलं. पहिल्या दिवशी आइता वरून सुसाट आली ती थेट कुंपणात. "घाबरत नाहीस, छान," बाई तिला जाळीतून सोडवत म्हणाल्या, "पण वळायचं कधी ठरवलंयस?" तिथून आइता झेंड्यांच्या मधून वळायला शिकली. ऑस्ट्रियात हरली, फिनलंडला जाऊन हरली, इटलीत मात्र पहिली आली. बक्षीस म्हणून डुकराची अख्खी मांडी मिळाली. बापानं ती चवीनं खाल्ली, शर्यतीचा एका शब्दानं विषय काढला नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं!

उन्हाळ्यात मात्र ती अजूनही बापाबरोबर डोंगरावर गायी राखायची. तिथे कायदा एकच. कळपाच्या पुढे चालणाऱ्या ब्रुनाची घंटा संथ वाजतेय तोवर सगळं ठीक. ती धडाधड वाजू लागली की गाय अडचणीत, मग हातातलं टाकून धावायचं. एकदा आइता चुलीवरची लापशी जळती ठेवून धावली होती. ब्रुना वाचली, पातेलं गेलं. बाप त्या दिवशी "शाबास" म्हणाला होता. आयुष्यात एकदाच.

आणि मग आमच्याच शेजारच्या डोंगरावर विश्वचषकाची शर्यत आली. दोनदा उतरायचं, दोन्ही वेळा मिळून पहिल्या सोळांत यायचं, मग त्या सोळांच्या जोड्या लावून पुढच्या फेऱ्या. "या वेळी सोळांत नाही आलीस," कोरिनाबाईंनी स्पष्टच सांगितलं, "तर संघ तुला ठेवणार नाही, बाळा." शर्यतीत वाजवायला आपापल्या गायींच्या घंटा घेऊन गाव लोटलं. आणि गर्दीत चक्क याखेन! कोणी बघत नसताना त्यानं गोठ्याच्या भिंतीवरून ब्रुनाचीच घंटा उतरवून आणली होती.

आइता सुटली. काय सुटली! चार झेंडे नुसते कापत आली. पाचव्यापाशी बापाचा ऊर भरून आला, आणि त्यानं दोन्ही हातांनी घंटा धडाधड वाजवली.

आइताची मान वळली. मान वळली तशी फळी वळली, आइता पार लांब फेकली गेली, कशीबशी सावरून खाली पोहोचली. तेविसावी.

ती तडक कुंपणाशी गेली. "बाबा! घंटा कोणाची आणलीत?"

"ब्रुनाची. दुसऱ्याची कशाला आणू?" तो अभिमानानं म्हणाला.

"मला वाटलं, ती पडली!"

"इथे कुठली आलीय ब्रुना? ती घरी रवंथ करतेय."

"ते माझ्या मानेला कसं कळणार, बाबा?" तिनं डोंगराकडे बोट दाखवलं. "आता एकदाच उतरायचंय. मग संपलं."

याखेन पांढराफटक पडला. झोपल्या गावातून गायी नेताना आम्ही घंटेत गवत कोंबतो, पण इथे गवत कुठलं? त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली. त्याचं टक्कल गावानं तेव्हा प्रथम पाहिलं. टोपी घंटेत कोंबून तो गावकऱ्यांवर उलटला, "तुमच्यापण बंद करा! हातमोजे कोंबा! वाजवली तर याद राखा, लिफ्टवर पाय ठेवू देणार नाही!"

दुसऱ्या वेळी डोंगर चिडीचूप होता. आइता पाचव्या झेंड्याशी आली, आणि त्याच शांततेनं तिला धडकी भरली. कळपाच्या घंटा एकदम बंद पडणं तर त्याहून वाईट! मान वळणार, तोच भोंग्याची मुळी गरज नसलेला तो आवाज आला,

"आइता! मागे बघू नकोस, गाढवे!"

तिला हसू फुटलं. हसतच ती खालपर्यंत आली, मागे न बघता. दोन्ही वेळा मिळून चौदावी.

पुढच्याच फेरीत एका ऑस्ट्रियन पोरीनं तिला हरवलं, पण त्याचं काय एवढं! संघातली जागा पक्की झाली होती. कुंपणापलीकडे याखेन उभा होता, टक्कल थंडीनं लालबुंद, घंटा पोटाशी धरलेली.

"आता वाजवू का?" त्यानं विचारलं. त्या माणसानं कोणाची परवानगी मागितल्याचं आमच्या गावाला तरी आठवत नाही.

"वाजवा, बाबा."

त्यानं टोपी उपसली आणि धडाधड वाजवली. आइताचा एक पाय अजून फळीत अडकलेला होता. तशीच लंगडत, फळी फरफटवत, ती घंटेकडे धावत सुटली.