होडी बुडवणारा तांडेल

स्वतःची होडी माझ्या काकांइतक्या वेळा बुडवलेला तांडेल रत्नागिरीच्या अख्ख्या किनाऱ्यावर सापडणार नाही. रोज संध्याकाळी, चहाच्या आधी, ते माझ्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसायचे आणि दोन माडांएवढ्या लाटा देऊन घरची होडी पडद्यावर उलटी करायचे. ज्या घरात ‘बुडणं’ हा शब्द निघाला तरी काकी हातातलं काम टाकून बोलणाऱ्याचं तोंड दाबायला धावते, त्या घरातला हा कर्ता पुरुष! असल्या समजुती गाडून टाका म्हणून पत्रकं लिहून वाटणारा मी, पण काका पहिल्यांदा "बुडली, बुडली!" म्हणत टाळ्या पिटू लागले, तेव्हा धावत जाऊन खिडकी लावली ती मीच.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आमच्याच होडीचं मॉडेल केलं होतं. वजनं भरायची, लाटा द्यायच्या, होडी किती कलते ते संगणकावर बघायचं. काकांच्या मुलाला, दादाला, मोसमाआधी केबिनच्या टपावर जाळं ठेवायला लोखंडी मांडणी बसवायची होती; म्हणजे खाली मासळीला जागा. माझ्या मॉडेलने होकार दिला. काका कुरकुरले, तेव्हा दादा म्हणाला, "बाबा, संगणक हो म्हणतोय."

"मग त्यालाच विचारतो," म्हणत काका शिकायला बसले.

सातवी शिकलेला माणूस, पण गुरुत्वमध्य त्यांना माझ्याआधी कळला. मी सूत्र लिहीत होतो, ते कंबर हलवून दाखवत होते. मग वजनकाट्याचं वेड लागलं. बर्फाच्या पेट्या, पाण्याचं पिंप, तांदूळ, नारळी पौर्णिमेचा नारळसुद्धा तोलून झाला. काटा दिसला की खलाशी जेटीवरून पळायचे. पालीला एका लग्नाला जाताना त्यांनी वऱ्हाडाचा टेम्पो अडवला आणि "वरचं वजन वाईट!" म्हणत टपावरचं कपाट खाली घ्यायला लावलं. नवरीचा मामा कपाटाला मिठी मारून लग्नाला पोचला.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "ह्या जाल्याचं वजन कुठं केलंस?"

"अंगणात. वाळत घातलं होतं तेव्हा."

"मेल्या, दर्यातून सुकं जालं कधी ओढलंन काय कोणी?"

मी ओल्या जाळ्याचं वजन भरलं. लाट साधीच दिली. होडी कलली, कलतच गेली आणि उलटली.

काकांनी टाळी वाजवली नाही. माझ्या होकारावर दादासकट आठ माणसं त्या होडीतून जाणार होती. एव्हाना सरावलेल्या काकीने बाहेरून विचारलं, "आज बुडवलीत नाय वाटतं? आवाज नाय तो?" काका उठले, जेटीवर गेले आणि आलेलं लोखंड परत पाठवून दिलं. दादा महिनाभर आम्हा दोघांशी बोलला नाही.

यंदा गुडघ्यांनी काकांना सुकाणूवरून उठवून किनाऱ्यावर बसवलं. होडी त्यांच्याशिवाय निघायच्या आदल्या संध्याकाळी ते लॅपटॉपसमोर आले. "माझे बासष्ट किलो काढ."

मी काढले. लाट दिली. होडी होती तशीच डोलली.

"बघ, काय फरक पडला नाय," ते हसले आणि चहा प्यायला गेले.

मी पडद्याकडे बघत राहिलो. मागच्या खेपेला माझ्याकडून जाळ्यातलं पाणी सुटलं होतं. या खेपेला काय सुटलंय ते मला चांगलं कळत होतं, पण ते भरायला रकानाच नव्हता. मग मी बासष्ट किलो पुन्हा भरले. काकांना अजून सांगितलेलं नाही.