बिनशिडाचं माप

बंदराच्या दुरुस्ती शेडमधल्या फिटरला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा त्यानं लेव्हल लावून भिंतीवर टांगला होता. बायको म्हणे, "फोटो सरळ आहे, त्यातला माणूस तेवढा तिरका."

बावीस वर्षं त्यानं बोटी दुरुस्त केल्या, पण एकीतही बसून पाण्यावर गेला नाही. बोट हलली की त्याच्या पोटातलं सगळं वर येई. हे फक्त बायकोला ठाऊक. आणि ती ते टोमणा मारण्यापुरतंच बाहेर काढायची.

तर याच्या मेहुण्याची शिडाची बोट होती. गेल्या साली शर्यतीत तो पहिला आला आणि बाद झाला. वळणावरचा तरंगता बोया डाव्या हाताला ठेवून वळायचं असतं. पंच म्हणाले, तू आतून वळलास. वर्षभर तो घरोघर शपथा घेत हिंडला. यंदा शर्यतीच्या तीन दिवस आधी कॅमेरा घेऊन शेडमध्ये हजर!

"भावोजी, पुरावा पाहिजे. लाटा आल्या तरी बंद पडता कामा नये."

मिलिमीटरनं तो मागच्या कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात बसवला. न गंजणारे बोल्ट, रबरी वॉशर, भोकांत सिलिकॉन. वायरीला जोडाआधी खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकावं. मग बायकोला चार बादल्या ओतायला लावल्या. तिनं दोन कॅमेऱ्यावर ओतल्या, दोन नवऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी मेहुणा चाचणी घेऊन आला तो तणतणतच. "बोया कुठाय, भावोजी? तासभर नुसतं पांढरं शीड!"

खरंच की. शेडमध्ये बोटी येतात त्या शिडं उतरवून. यानं अंदाज घेतला तो उघड्या डोलकाठीवरून. वाऱ्यानं फुगलेलं शीड किती जागा खातं, हे बघायला पाण्यावर जावं लागतं.

"उद्या चला, जागा दाखवा."

"उद्या मला जरा…"

"ताई, यांना काय काम आहे उद्या?"

"काही नाही रे," बायको म्हणाली. "बादली देते बरोबर."

गेला बापडा. किनारा सुटताच चेहऱ्याचा रंग उडाला, पण हातातला फोन सुटला नाही. मेहुण्यानं कॅमेरा जादा दोरीनं डोलकाठीच्या टोकाला चढवला. फोनवर चित्र आलं: खाली अख्खी बोट, दोन्हीकडे पाणी, डावीकडे बोया. "इथंच!" म्हणून मिलिमीटर जो कठड्यावर ओणवा झाला, तो किनारा येईस्तोवर. मग डोलकाठी आडवी करून त्यानं टोकाला चार बोल्ट पिळले.

शर्यतीत मेहुणा पहिला आला आणि पंचांनी पुन्हा हरकत घेतली. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून क्लबच्या मोठ्या पडद्यावर लावलं. सगळं बंदर जमलं. आधी सुरू झालं ते आदल्या दिवशीचं चित्रण: बादली राहिली बाजूला, नावाजलेला फिटर अकरा मिनिटं कठड्यावरून लोंबकळतोय! पंच हसून हसून डोळे पुसू लागले. मग शर्यत आली. बोया डाव्या हाताला, चांगला हातभर लांब. पहिला नंबर कायम.

"कळलं ना आता सगळ्यांना?" बायको कुजबुजली.

मिलिमीटर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा होता. "कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरलेली नाही बघ," तो म्हणाला. "एक थेंब आत गेला नाही."