तार न धरणारा थेंब

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यातून सिरिंजभर पाणी काढलं. पिवळट, गढूळ. सुईच्या टोकाशी आलेला एक थेंब त्यांनी खाली सोडला. "निरोगी सांध्यातलं पाणी पाकासारखी तार धरतं. हे बघा, लगेच तुटलं," ते म्हणाले. शेजारी उभे असलेले आमचे हे वाकून वाकून बघत होते. माझ्या गुडघ्याकडे त्यांनी इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं.

तार मला कळते. गेल्या दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक दोन बोटांत धरून बघत होते, तेव्हा गुडघा निखाऱ्यासारखा तापला होता. तसं बोलले, तर हे म्हणाले, "तीन तास ओट्याशी उभी आहेस की! खरंच दुखत असतं तर राहिली असतीस?" लाडू उत्तम झाले. म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावाच.

बाईनं तोंडानं सांगितलं की ती कुरकुर असते. तेच काचेच्या नळीतून छापील कागदावर उतरलं, की त्याचा आजार होतो.

आज रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सूज दाखवणारे घटक वाढलेले. ह्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या नणंदेला फोन लावला. "ताई, अगं, हिचा गुडघा खरंच दुखतोय."

मी आतून ऐकत होते. तीन वर्षं हेच वाक्य मी बोलत आले. फक्त त्यात 'खरंच' नव्हतं.