टिशूचं पाकीट

सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे ते एस्टोनियन गृहस्थ फारच मोजकं बोलत. हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांवर, जेवायला गेलो की आधी टेबलावर टिशूचं पाकीट ठेवत. एसटीत रुमाल टाकावा तशी इथं जागा धरतात. पण ह्यांचं पाकीट कित्येक महिने तेच होतं, न फोडलेलं. घाम ते शर्टाच्या बाहीला पुसत.

त्या वर्षी त्यांचा मुलगा युरोपच्या तातडीच्या फौजेत होता. अनेक देशांच्या तुकड्यांनी सहा महिने सज्ज राहायचं, बोलावणं आलं की लगेच निघायचं.

"तुमच्या देशाचे कितीजण?" मी विचारलं.

त्यांनी आजूबाजूची टेबलं न्याहाळली. "ह्या कोपऱ्यात मावतील." मग पाकिटावर बोट ठेवलं. "आमची पोरं म्हणजे हे. जागा धरून ठेवायची. वापरायची वेळ येऊ नये."

मी हसलो. ते हसले नाहीत. जगात कुठं काही पेटल्याची बातमी आली की त्या दुपारी त्यांचा भात तसाच राहायचा.

जुलै लागला. एके दिवशी त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, वर आईस्क्रीम मागवलं.

"मुदत संपली. बोलावणं आलंच नाही. पोरगा घरी गवत कापतोय."

मग त्यांनी ते पाकीट टरकन फाडलं, मान पुसली, टक्कल पुसलं आणि एक टिशू माझ्यापुढे सरकवला.

"घे. आता हरकत नाही."

मला घाम आला नव्हता. तरी मी कपाळ पुसलं.